आत्याच्या आवाजात

माझी आत्या रोज सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मिठाच्या पाण्याने गुळण्या करते. आधी खालच्या सुरात, मग मधल्या, मग इतक्या वरच्या की वाटावं, पाण्याखाली कुणीतरी गाण्याची परीक्षा देतंय. मग पाणी थुंकते आणि बेसिनला सांगावं तसं म्हणते, "हं. झालं." हे मी हुबेहूब करायचे. घरी पाहुणे आले, चहा झाला, बोलणं आटत आलं, की बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "टेप, लाव जरा आत्याची सकाळ." टेप म्हणजे मी. सात मिनिटांचा कार्यक्रम होता. संपेपर्यंत पाहुण्यांची हसून पुरेवाट झालेली असायची आणि आत्या कोपऱ्यात बसून म्हणायची, "मान चुकली हिची. मी डावीकडून सुरू करते."

आता कुणी लाव म्हणत नाही. म्हटलं तरी माझ्याच्याने होणार नाही. का, ते लिहिते. लिहिताना कुठे मी बरी दिसतेय असं वाटलं तर तेवढं खोडेन.

आत्याची सकाळ अशी असते. उठल्यावर ती लगेच उभी राहत नाही. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पावलं फरशीला टेकवते आणि दहा श्वास घेते. मोजायला हाताची बोटं वापरत नाही, प्रत्येक श्वासाला पायाचा अंगठा उचलते. मग कोमट पाण्याचा पेला, बसूनच, घोट घोट. मग गुळण्या. मग मान, आधी वरखाली, मग डावीउजवी, मग गोल. बाबा म्हणतात, "हिचं एकटीचंच चाललेलं असतं. हो म्हणते, नाही म्हणते, आणि शेवटी बघू म्हणते." मग ओठ मिटून गुणगुणणं. ते फ्रिजच्या आवाजाशी इतकं जुळतं की फ्रिज मध्येच बंद पडला की आम्हाला आत्या थांबल्यासारखी वाटते. मग गच्चीवर वीस फेऱ्या, आणि थर्मास भरून कामाला.

संध्याकाळीही असंच. घरी आली की दाराबाहेर थांबते, दोन्ही हात मनगटापासून झटकते, ओले असल्यासारखे, आणि पायपुसण्याला सांगते, "तुम्ही इथंच थांबा." आत आल्यावर अर्धा तास ती कुणाशी बोलत नाही आणि आम्हीही तिच्याशी बोलायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर बसून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत राहते. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नाही, एक पाण्याचा पाइप आहे. अर्ध्या तासाने वळून म्हणते, "हं, बोला." आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारणं तिला मान्यच नाही. मीठ हवं असेल तरी ती उठून तुमच्यापर्यंत चालत येते आणि कानाशी म्हणते, "मीठ."

हे सगळं कशासाठी, तर आत्या बस स्थानकाचा आवाज आहे. सव्वीस वर्षं झाली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. बंदराकडे जाणारी गाडी क्रमांक सतरा, गाडी क्रमांक सतरा, फलाट चारवर, फलाट चारवर उभी आहे." आमच्या गावात ज्याने कधी बस पकडली आहे त्याने माझ्या आत्याचं ऐकलं आहे. ती लागली होती टायपिस्ट म्हणून. निवेदन करणाऱ्या बाई एके दिवशी दाढ सुजून घरी राहिल्या, आणि हिला कागद देऊन काचेच्या खोलीत बसवलं. पहिल्याच दिवशी तिने फलाट सातच्या जागी फलाट चार म्हटलं आणि बत्तीस माणसं बंदराऐवजी वीटभट्टीवर जाऊन पोचली. तेव्हापासून आकडा दोनदा. हा नियम स्थानकाचा नाही, आत्याचा आहे. बोलताना ती तोंड माइकच्या समोर नाही, जरा बाजूला धरते. वाक्याचा शेवट खाली उतरवते, वर नेत नाही, वर नेला की प्रवासी घाबरतात म्हणे. दोन वाक्यांमध्ये थांबते, कारण ते दालन मोठं आहे, आवाज पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत येतो, आणि तो परत आल्याशिवाय पुढचा सोडायचा नसतो. मला हे सगळं येत होतं. आठवीत असताना मी शाळेच्या व्हरांड्यात आत्याच्या आवाजात सतरा नंबरची गाडी लावली होती तेव्हा शिपाईकाका खरोखर पिशवी घेऊन उठले होते.

पण हे सगळं आत्याने का सुरू केलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दाढदुखीच्या बाई, ज्यांची जागा आत्याने पुढे घेतली, त्यांचा आवाज पंचेचाळिसाव्या वर्षी बसला तो उठलाच नाही. ऑफिसने त्यांना तिकिटांचे गठ्ठे मोजायला बसवलं. आत्या भेटायला गेली तर त्या कुजबुजत म्हणाल्या, "मी कधी वेळेवर पाणीसुद्धा प्यायले नाही गं." आत्या घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून गुळण्या सुरू झाल्या. हात झटकण्याचंही असंच. गाडी उशिरा आली की प्रवासी काचेवर येऊन आत्यालाच फैलावर घेतात, जणू तीच गाडी चालवते. एकदा असं कुणाचं तरी ऐकून ती घरी आली, बाबांशी कशावरून तरी भांडली, आणि बहीणभाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर ती दाराबाहेर थांबायला लागली. या गोष्टी मला आईने सांगितल्या, सगळं होऊन गेल्यावर. त्याआधी मला नुसते आवाज ऐकू यायचे.

गेल्या वर्षी स्थानकातले निम्मे कर्णे बंद पडले. दुरुस्तीला दोन महिने लागले. ते दोन महिने आत्याने अर्ध्या कर्ण्यांवर अख्खं स्थानक चालवलं, म्हणजे आवाज ताणला. थंडी आली तशी ती खरखरायला लागली. गुळण्या दोनाच्या चार झाल्या, वाफ सुरू झाली, आणि तरी एके सकाळी "हं. झालं" मधलं "झालं" बाहेरच आलं नाही.

घशाचे डॉक्टर बारीक आवाजाचे आहेत आणि प्रत्येक गोष्ट "म्हणजे असं बघा" पासून सुरू करतात. त्यांनी पडद्यावर आत्याचे स्वरतंतू दाखवले. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक दाणा. "म्हणजे असं बघा, हाताला कामाने घट्टे पडतात ना, तसे हे. तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, तिचा ताण उलट जास्त."

"आणि बोलली तर?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे असं बघा, मग शस्त्रक्रिया. आणि त्यानंतर कोणता आवाज मिळेल ते मी लिहून देत नाही."

घरी येताना आत्याच्या मांडीवर पाकीट होतं, त्यात तीन आठवड्यांच्या रजेचं सर्टिफिकेट.

आईने पुसायची पांढरी पाटी आणली, पेन दोरीने बांधलं. आत्या पाटीवरही निवेदनच करायची. "चहा. चहा. बिनसाखरेचा." मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे, तिच्याच आवाजात, आणि तिचे खांदे हलायचे. हसायलाही बंदी होती, त्यामुळे ती नुसती हलायची. पहिले आठ दिवस छान गेले असं मला वाटत होतं. तिला झोप लागत नव्हती हे मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या वर्गातल्या दोघी घरी आल्या होत्या, एक उंच आणि एक कशालाही हसणारी. आई बाजारात. आत्या आतल्या खोलीत डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत होती. फोन वाजला. मी आमच्या घरचा फोन साधा कधी घेत नाही. कधी आई होऊन घेते, कधी बाबा होऊन. त्या दिवशी मैत्रिणी बघत होत्या म्हणून आत्या होऊन घेतला.

"नमस्कार. बोलतेय."

पलीकडून वाहतूक खात्याचे साहेब. त्यांना मी ओळखलं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "काय समजलं" वर संपतं. "अरे वा. ताई, आवाज मोकळा झाला की. आम्हाला इथं सांगितलं, तीन आठवडे. तुमच्या जागी बसवलेली मुलगी फलाटांचा गोंधळ घालतेय, काय समजलं?"

इथे मी थांबू शकत होते. "साहेब, मी भाची बोलतेय" एवढंच म्हणायचं होतं. पण हसणारीने ओढणी तोंडात कोंबली होती, उंच खाली बसली होती, आणि माझा आवाज इतका छान लागला होता. वाक्याचा शेवट खाली, मध्ये योग्य तेवढं थांबणं.

"मग उद्या येता का?" साहेब म्हणाले.

नक्कल चांगली करायची तर ते माणूस काय बोललं असतं तेच बोलावं लागतं. आणि आत्या साहेबांना सव्वीस वर्षांत कधी नाही म्हणालेली नाही.

"येते की," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर आम्ही तिघी जमिनीवर पडून हसलो. आत्या टॉवेल खांद्यावर टाकून दारात आली, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. भुवया उचलून फोनकडे बोट केलं.

"राँग नंबर," मी म्हणाले.

मला खरंच वाटलं होतं की साहेबांना कळलं असेल, किंवा कळेल, किंवा मी संध्याकाळी बाबांना सांगून टाकेन आणि ते हसतील. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं नाही. सकाळी मी आत्याचे दहा श्वास घेऊन बघितले. पायाचे अंगठे उचलले. काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी अकरा वाजता पुन्हा फोन, बाबांनी घेतला. ऑफिस म्हणत होतं, ताई काल स्वतः म्हणाल्या येते, आणि आल्या नाहीत. दुपारपर्यंत हजर झाल्या नाहीत तर जागा कायमची दुसऱ्या मुलीला. बाबा "अहो पण त्या बोलूच..." एवढं म्हणाले तोवर फोन बंद. आत्याने पाटीवर लिहिलं, "मी जाऊन समजावते." आई मला म्हणाली, "तू जा बरोबर. तिच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं."

तिच्या वतीने बोलायला. आईला बिचारीला काय माहीत.

साहेबांची खोली फायलींनी भरलेली आहे, एका खुर्चीवरसुद्धा फायलीच बसलेल्या असतात. साहेब वाईट माणूस नाहीत. आत्याला बघून अर्धे उठले. पण सर्टिफिकेट हातात धरून म्हणाले, "ताई, सर्टिफिकेट आहे, मान्य. पण सर्टिफिकेट बोलत नाही. तुम्ही बोललात. मी कानाने ऐकलं, काय समजलं?"

आत्याने लिहिलं, "मी नाही बोलले."

दाराजवळ नाकात बोलणारे कारकून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मागे त्या दुसऱ्या बाईंचंही असंच होतं. घसा दुखतो म्हणून रजा, आणि कुठल्यातरी दुकानाच्या उद्घाटनाला माइकवर."

"ताई," साहेब म्हणाले, "मला वाद नको आहे. मग तुमच्या घरात तुमच्यासारखं दुसरं कोण बोलतं, ते तरी सांगा."

त्यांनी टोमणा मारला होता, उत्तराची अपेक्षा नव्हती. पण आत्या हळूच वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. आधी नुसता हिशोब लागल्यासारखं काहीतरी होतं, फोन, वाफ, राँग नंबर. मग तिने पेन उचललं, पाटीच्या वर धरलं, आणि तसंच धरून ठेवलं.

माझ्या हातात पाटी पुसायचं फडकं होतं. मी फडक्याकडे बघितलं. त्याची एक शिवण उसवली होती. मी ती शिवण बघत उभी राहिले. ज्या मुलीला कुठल्याही माणसाच्या तोंडचं वाक्य कधीही सुचतं, तिला स्वतःच्या तोंडचं एक वाक्य सुचत नव्हतं. सुचत नव्हतं असं लिहिणं खोटं आहे. सुचलं होतं. मी बोलले नाही.

आत्याने पेन खाली केलं, माझ्या हातातलं फडकं घेतलं, "मी नाही बोलले" पुसून टाकलं, आणि पाटी साहेबांच्या टेबलावर ठेवून काचेच्या खोलीकडे गेली. त्या बदलीच्या मुलीने उठून जागा दिली. आत्याने थर्मास उघडला, दोन घोट प्यायली, तोंड माइकच्या जरा बाजूला नेलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

कारकून म्हणाले, "बघा. ठणठणीत." त्यांच्या कानाला ठणठणीतच होता. मला मात्र "लक्ष" मधला क्ष कापडावर खिळा ओढल्यासारखा लागला.

घरी बाबा साहेबांवर संतापले, लेखी तक्रार करतो म्हणाले. आत्याने लिहिलं, "राहू दे." आई म्हणाली, "अहो, कसली माणसं, आजारी बाईला..." मी जेवले. मी तेही करू शकले. आत्याने आई-बाबांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि माझ्याकडे ती बघतच नव्हती. संध्याकाळी दाराबाहेर तिने हात झटकले तेव्हा मी दाराच्या आत उभी होते. ती झटकत होती ते सगळं मीच होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्थानकावर गेले. ठरवून गेले असं नाही. मागच्या बाजूने दालनात शिरले आणि बाकांमागे उभी राहिले. आत्या बोलत होती आणि तिचा आवाज आता सगळ्यांनाच ऐकू येत होता. "फलाट" म्हणताना "फ" जायचा आणि "लाट" राहायचा, तोही फाटून. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "ऐकलंस?" आणि त्यांनी तो फाटका "लाट" करून दाखवला. चांगला केला. बायको हसली, पिशवीवर डोकं टेकून हसली. मी असंच कितीतरी माणसांना हसवलं होतं. पहिल्यांदाच मी त्या हसण्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होते.

मी साहेबांच्या खोलीत गेले. दारावर टकटक केली नाही. "साहेब, त्या दिवशी फोनवर मी होते."

"तू काल ताईंबरोबर आली होतीस ना? कोण तू त्यांची?"

"त्यांची भाची. परवा मीच बोलले. आत्या वाफ घेत होती."

साहेब थकल्यासारखे हसले. "बाळ, आत्याला मदत करायची आहे, छान आहे. पण मी सव्वीस वर्षं तो आवाज ऐकतोय, काय समजलं? तो काही सोळा वर्षांच्या मुलीचा नव्हता."

"माझाच होता."

"मग करून दाखव."

एवढ्या वर्षांत मला कुणाला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी तिसऱ्यांदा सांगावं लागलं. शेवटी मी फायलींच्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिले, हनुवटी जरा बाजूला केली आणि म्हणाले, "नमस्कार. बोलतेय." मग साहेबांचं वाक्य मीच साहेबांच्या आवाजात म्हणाले, "मग उद्या येता का, काय समजलं," आणि परत आत्या झाले. "येते की."

कारकून आधी हसले. नाकातून, मग तोंडातून, मग टेबलाला धरून. "साहेब, तुम्ही पण आलात की त्यात." त्यांनी बाहेरच्या दोघांना बोलावलं, "अरे या, या, ही बघा ताईंची भाची." दारात चारजण झाले. "पुन्हा कर गं. सतरा नंबर कर." मला रडू येत होतं आणि ते लोक हसत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण नक्कल फार चांगली झाली होती. साहेब एकटेच हसले नाहीत. ते सर्टिफिकेट शोधत होते.

मग दारातले लोक बाजूला झाले. आत्या उभी होती. काचेच्या खोलीतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला होता, चांगला, न फाटलेला, दोन महिन्यांपूर्वीचा. तो कुठून येतोय ते बघायला ती उठून आली होती.

साहेब उभे राहिले. "ताई, माझी चूक झाली. तुम्ही आत्ता घरी जा." आत्याने मान हलवली, थर्मास घेतला, आणि माझ्या पुढून चालत गेली. घरापर्यंत मी चार पावलं मागे होते.

डॉक्टरांनी पडदा बघितला आणि या वेळी "म्हणजे असं बघा" म्हणाले नाहीत. एका दाण्याभोवती रक्त साकळलं होतं. तीनाचे सहा आठवडे झाले, तेही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजून. शस्त्रक्रिया टळली तर टळली, पण माइकवर दिवसाचे आठ तास आता कधीच नाहीत. ऑफिसने कळवलं, बरं वाटल्यावर चौकशीच्या खिडकीत बसा. म्हणजे एका वेळी एका माणसाशी बोलायचं. काचेच्या खोलीत ती बदलीची मुलगी कायम झाली. ती आकडा एकदाच सांगते.

त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि दिवा घालवला.

सहा आठवडे आत्याने काही सोडलं नाही. दहा श्वास, कोमट पाणी, मान, गच्ची, संध्याकाळचं स्टूल. फक्त गुणगुणणं आणि गुळण्यांमधला आवाज बंद, नुसतं पाणी गालात फिरवायची. मला वाटायचं, आता काय उपयोग, जे जपायचं होतं ते तर गेलं. मग एकदा तिला गच्चीवर बघितलं. बाराव्या फेरीला ती कठड्याशी थांबली, तोंड दोन्ही हातांनी झाकून बराच वेळ उभी राहिली, मग हात खाली घेतले आणि तेरावी फेरी सुरू केली. मी जिन्यातून खाली आले. ते काही मी बघायला नको होतं.

मी रोज तिच्यासाठी पाणी कोमट करून ठेवायचे. ती पेला घ्यायची. पाटीवर ती आईला लिहायची, बाबांना लिहायची, दूधवाल्याला लिहायची. मला कामापुरतं. "खिडकी लाव." "थर्मास धू." पाटीवरचं तिचं मी आता मोठ्याने वाचत नव्हते. घरात फ्रिज एकटाच वाजायचा. आणि माझी जीभ गप्प होती असंही नाही. शाळेत त्या दोघी म्हणायच्या, "ते कर ना, येते की." मी एकदा केलं. एकदा केलं, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पडदा बघितला, दाणे विरत आले होते. "म्हणजे असं बघा, उद्यापासून पाच मिनिटं. रोज फक्त पाच. घड्याळ लावून. पुढच्या आठवड्यात दहा करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा चहा घेऊन तयार बसले होते, आत्या पहिलं काय बोलते ते ऐकायला. तिने हाताने त्यांना जरा थांबा असं केलं, माझ्याकडे बोट करून आतल्या खोलीत बोलावलं, आणि दार लोटलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काटा बारावर यायची वाट बघितली. मग बोलली.

"बस."

आवाज खाली गेला होता. जाड, ओल्या लाकडासारखा. वरचा भागच नव्हता त्याला. मी पलंगाच्या कडेला बसले.

"फोनचं मला काही नाही," आत्या म्हणाली. "तू लहानपणापासून करतेस. मीच हसायचे. त्यात माझीही चूक आहे." श्वास घेतला. "पण मी पेन वर धरून उभी होते. कशासाठी धरलं होतं?"

"मी बोलावं म्हणून."

"मग?"

"नाही बोलले."

"मला तुझ्याबद्दल लिहिता आलं असतं. दोन शब्द. हात शिवशिवत होता माझा. पण चार लोकांसमोर तुला मी उघडं पाडायचं, हे मला जमेना. म्हटलं, ती बोलेल. आत्ता बोलेल. तू फडकं बघत होतीस."

"आत्या, मी दुसऱ्या दिवशी..."

"दुसऱ्या दिवशी गेलीस, ऐकलं मी. तोवर मी तेरा तास बोलले होते. मी मोजलेत. माझा नाही पुरता भरवसा राहिलेला तुझ्यावर. मला तसं वाटायला नकोय, पण वाटतं. पाणी गरम करून ठेवतेस ते मला कळतं. त्याने ते जात नाही. जाईल तेव्हा सांगेन." ती थांबली, गिळलं. "आणि रडू नकोस. रडायला लागलीस की मला समजूत काढावी लागते, आणि तेवढी मिनिटं नाहीत माझ्याकडे."

मी नाक पुसलं. तिने घड्याळ बघितलं.

"चार झाली. बाबाला पाठव."

बाबा आले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. काटा अर्ध्यापर्यंत आला तेव्हा बाबा म्हणाले, "कशी आहेस?"

"बरी आहे."

आणि उरलेलं अर्धं मिनिट दोघं नुसते बसले. मग आत्याने ओठ मिटले, पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "चहा." मी दारात उभी होते. उद्याची पाच मिनिटं कुणाला मिळणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी चहा आणायला गेले.